टिपूचं झाड, उटीचं तेल आणि आमचं कब्रस्तान

मालेगावचा आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "पॉवरलूमवालं?" नाही. ते नाशिकचं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, कागदोपत्री मालेगाव जहांगीर. तालुक्याचं गाव, हायवेवरचं, आणि मुसलमान वस्ती नाशिकच्या मालेगावच्या मानाने मूठभर. त्या मूठभर वस्तीचं एक कब्रस्तान आहे आणि त्याच्या पश्चिम कुंपणाला निलगिरीच्या झाडांची एक रांग आहे. या लेखाचं कारण ती रांग आहे.

गेल्या वर्षी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर बैठक बसली. काही तरुण मुलांचं म्हणणं होतं की ही झाडं तोडून कडुनिंब लावू. निलगिरीखाली गवत उगवत नाही, जमीन भेगाळते, फांद्या वाऱ्यात कबरींवर पडतात. म्हातारी मंडळी म्हणत होती, चाळीस वर्षांची झाडं आहेत, सावली देतात, तोडायची कशाला? एवढ्यात एका चाचांनी खिशातून मोबाइल काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर मोठ्याने वाचला. हिंदुस्थानात निलगिरीचं झाड हजरत टिपू सुलतान शहीद यांनी आणलं, असा तो मजकूर. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अब बोलो, सुलतान का झाड काटोगे?"

कोणी बोललं नाही. आजच्या दिवसांत टिपूच्या नावाने एक बाजू शिव्या देते, तेव्हा दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाची प्रत्येक गोष्ट जपावीशी वाटते, हे मी समजू शकतो. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. हा लिहितो-वाचतो, यालाच विचारा. मी म्हटलं, वाचून सांगतो. त्या वाचनात बरेच महिने गेले आणि झाडं तोवर उभीच राहिली.

सुरुवात मी घरातूनच केली. आमच्या घरात निलगिरी आधी आली ती बाटलीतून, झाड नंतर. दादीच्या लाकडी पेटीत सुईदोरा, जायफळ, ताईत यांच्याबरोबर एक लाल औषधाची छोटी बाटली कायम असे. खोक्यावर एका हबशी माणसाचं चित्र. जिंदा तिलिस्मात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत हे नाव समजावून सांगावं लागत नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो. हैदराबादचे हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये हे औषध काढलं. सर्दी झाली, छातीला चोळा. पोट दुखलं, गरम पाण्यात दोन थेंब. दात दुखला, कापसाचा बोळा. त्याचा लाल रंग रतनजोतीच्या मुळाचा, आणि आतला मोठा हिस्सा निलगिरीच्या तेलाचा, सोबत कापूर, पुदिन्याचा अर्क, ओव्याचं फूल. खोक्यावरचा हबशी निजामाच्या फौजेतल्या सिद्दी शिपायांची आठवण आहे. ताकदीचं चित्र हवं म्हणून हकीमसाहेबांनी तो निवडला.

वऱ्हाड निजामाने १८५३ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. पण राज्य गेलं म्हणून हैदराबादची ओढ जात नाही. आमच्या दादीच्या लेखी चांगली बांगडी, चांगलं अत्तर आणि चांगलं औषध एकाच शहरातून यायचं.

लहानपणी मला एक कोडं पडलं होतं. सर्दी झाली की आई कब्रस्तानाकडच्या झाडांची पानं आणायला सांगे. पाणी उकळून त्यात पानं टाकायची आणि डोक्यावर चादर घेऊन वाफ घ्यायची. पण त्या वाफेला बाटलीचा वास कधी आला नाही. हिरवट, कडवट, थोडासा निलगिरीसारखा, पण नाक उघडणारा तो झणका नाही. आई म्हणायची, पानं शिळी असतील. मी ताजी तोडून आणायचो, तरी तेच.

उत्तर साधं आहे आणि ते मला वयाच्या पन्नाशीत कळलं. ती दोन वेगळी झाडं आहेत. मराठीत दोघांनाही आपण निलगिरी म्हणतो. ज्या झाडाच्या तेलाने हे नाव गाजवलं ते थंड मुलखातलं, आणि मालेगावच्या उन्हात ते जगूच शकत नाही.

आधी त्या थंड मुलखातल्या झाडाविषयी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे. डोंगर, पाऊस, धुकं, हिवाळ्यात हिम. आपल्या ओळखीचं सागवानाचं किंवा पळसाचं जंगल डोळ्यांसमोर आणू नका. तिथल्या जंगलात निलगिरीच्याच जातभाईंची दाट गर्दी असते, आणि त्यातली एक जात शंभर मीटरपर्यंत जाते. फुलं येणाऱ्या झाडांत जगातल्या सर्वांत उंच झाडांमध्ये ती मोडते. याच बेटाच्या कडेला १७७७ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज थांबलं असताना डेव्हिड नेल्सन नावाच्या माळ्याने एका झाडाच्या फांद्या गोळा केल्या. लंडनला पोचलेल्या त्या वाळक्या नमुन्यावरून लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८-८९ च्या सुमारास सगळ्या कुळाला युकॅलिप्टस हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ 'नीट झाकलेलं'. निलगिरीच्या कळीला पाकळ्या नसतात, वर एक टोपी असते. फूल उमलायचं म्हणजे टोपी गळून पडायची. आमच्या कब्रस्तानात या टोप्यांचा खच पडतो. लहानपणी त्या आम्ही बाहुल्यांना घालायचो.

आपलं तेलवालं झाड मात्र १७९२ मध्ये हाती लागलं. हरवलेल्या एका फ्रेंच दर्यावर्द्याच्या शोधात निघालेली मोहीम टास्मानियाला लागली. तिच्यातल्या लाबिलार्दिएर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते झाड टिपलं आणि १८०० मध्ये त्याचं वर्णन छापलं. नाव ग्लोब्युलस ठेवलं, कारण त्याची कळी कोटाच्या जुन्या बटणासारखी दिसते. इंग्रज त्याला ब्लू गम म्हणतात. कोवळ्या पानांवर निळसर पांढरी राखेसारखी भुकटी असते, त्यावरून हे नाव.

निलगिरी पर्वताला निलगिरी हे नाव फार जुनं, हे झाड तिथे पोचायच्या कितीतरी शतकं आधीचं. म्हणजे निळ्या डोंगरावर निळं झाड आलं हा निव्वळ योगायोग. मग त्या झाडाने डोंगराचंच नाव उचललं. परदेशी पाहुण्याने घरमालकाचं आडनाव लावावं तसं. आज मराठीत निलगिरी म्हटलं की आधी झाड आठवतं, डोंगर नंतर.

तिथे ते आलं कसं? १८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन निलगिरीवर चढला आणि तिथली थंडी पाहून हरखला. पाठोपाठ उटी वसलं. साहेबांचे बंगले, फौजेचा तळ, आणि प्रत्येक घरात रात्रंदिवस पेटलेली शेकोटी. जळणासाठी शोला नावाची तिथली मूळची दाट छोटी जंगलं तुटू लागली. काही वर्षांतच जळण कमी पडलं. १८४३ मध्ये मद्रास इंजिनिअर्सच्या कॅप्टन कॉटनने ऑस्ट्रेलियाची झाडं लावून पाहिली आणि १८५६ पासून ब्लू गमच्या पद्धतशीर लागवडी सुरू झाल्या. झाड सुसाट वाढलं. ज्या उतारांवर तोडा लोकांच्या म्हशी चरत होत्या, त्या कुरणांवर चिमणीसाठी लाकूड उगवलं. तेल काढणं नंतर सुरू झालं. ऑस्ट्रेलियात जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषधवाल्याने १८५२ मध्येच निलगिरीच्या पानांचं तेल विकायला सुरुवात केली होती. उटीकडे लाकडासाठी लावलेली झाडं होतीच, पानं वाया जात होती, मग तिथेही भट्ट्या लागल्या. हैदराबादच्या हकीमसाहेबांनी आपलं औषध काढलं तोवर देशी निलगिरी तेल ही बाजारातली ओळखीची चीज झाली होती. दादीची बाटली ही अशी साहेबाच्या शेकोटीची उपज.

या तेलाची कीर्ती एवढी का वाढली, त्यामागे हिवतापाची एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात लोक समजत की दलदलीतली घाण हवा अंगात शिरली की ताप येतो. मेलबर्नचे वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांड फॉन म्यूलर यांनी जगभर ब्लू गमचं बी पाठवलं आणि हे झाड हवा शुद्ध करतं असा प्रचार केला. अल्जीरियात फ्रेंचांनी लावलं. रोमजवळ तीन झऱ्यांच्या मठात १८७० च्या सुमारास पाद्र्यांनी लावलं. काही ठिकाणी ताप खरंच कमी झाला, कारण झाडांनी दलदलीतलं पाणी ओढून घेतलं. पण हवेचा त्यात काही संबंध नव्हता. तो निकाल लागला सिकंदराबादला, म्हणजे पुन्हा निजामाच्याच मुलखात. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने हिवताप झालेल्या एका माणसाला डास चावू दिले आणि त्या डासांच्या पोटात तापाचे जंतू शोधून काढले. त्या माणसाचं नाव हुसेन खान. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉसला पुढे नोबेल मिळालं. हुसेन खानाचं नाव रॉसच्या लिखाणात उरलं, एवढंच. पण निलगिरी हवा शुद्ध करते ही पन्नास वर्षांची समजूत मोडली ती त्याच्या रक्तातून, याची मला उगाचच मौज वाटते.

आता आमच्या कुंपणाचं झाड. ब्लू गमला थंडी हवी. दक्षिणेत ते दीड-दोन हजार मीटरच्या वर फुलतं. मालेगाव आहे सुमारे पाचशे मीटरवर, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथे जगतं ते वेगळं, टेरेटिकॉर्निस नावाचं झाड आणि त्याचा संकर. ते ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचं आणि न्यू गिनीचं, उन्हाला तयार. त्याच्या पानांत झणझणीत तेल कमी. वनखात्यात याला मैसूर गम म्हणतात. आणि मैसूर म्हटलं की टिपू आलाच.

वनशास्त्राच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं एक वाक्य येतं. १७९० च्या सुमारास टिपू सुलतानाने बंगळूरजवळच्या नंदी डोंगरावरच्या आपल्या बागेत ऑस्ट्रेलियातून बी मागवून निलगिरीच्या सोळा जाती लावल्या. मैसूर गमचं बी याच नंदीच्या झाडांपासून पसरलं, हेही सांगितलं जातं. चाचांच्या व्हॉट्सअ‍ॅपचं मूळ इथेच. ही पुस्तकं टिपूभक्तांची नाहीत, सरकारी वनाधिकाऱ्यांची आहेत, त्यामुळे मला प्रथम आनंदच झाला.

मग मी तारखा मांडल्या. सिडनीला इंग्रजांची वसाहत झाली जानेवारी १७८८ मध्ये, आणि पहिली दोन वर्षं तर तिथले लोक उपासमारीने टेकीला आले होते. ज्या टेरेटिकॉर्निसचा हा वंश मानला जातो त्याला शास्त्रीय नाव मिळालं १७९५ मध्ये. १७९० मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनासुद्धा निलगिरीच्या जाती मोजक्याच माहीत होत्या, मग नंदीवर सोळा कुठून येणार? सोळाचा आकडा नंतरच्या कोणा अधिकाऱ्याने तिथल्या बागेत फिरून मोजलेला असावा, असं मला वाटतं. शिवाय १७९० मध्ये तिसरं मैसूर युद्ध सुरू झालं होतं आणि ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने नंदीचा किल्लाच घेतला. टिपूच्या मृत्यूनंतर तर तो डोंगर साहेब लोकांचं थंड हवेचं ठिकाण झाला. कमिशनर मार्क कबन उन्हाळ्यात तिथे राहायचे. ऑस्ट्रेलियाचं बी तिथे रुजवायला इंग्रजांकडे अख्खं शतक होतं.

उलट बाजूही सांगतो. टिपूने पाठवलेले वकील १७८८ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे पोचले होते. ऑगस्टमध्ये व्हर्सायला सोळाव्या लुईने त्यांची भेट घेतली. टिपूच्या मागण्यांत सैन्य तर होतंच, पण कारागीर होते, माळी होते, बियाणं होतं. हैदरअलीने घातलेल्या लालबागेत टिपूने काबूल, इराण, तुर्कस्तान, मॉरिशसची झाडं आणून लावली. म्हणजे अमुक एक झाड परदेशातून आणायचं वेड या माणसाला नक्की होतं. पण वेड होतं एवढ्यावरून एखादं विशिष्ट झाड त्यानेच आणलं असं म्हणता येत नाही. मी वाचलेली पुस्तकं एकमेकांचा हवाला देतात. त्या काळचा कागद कोणी पुढे ठेवत नाही. टिपूचं नाव बदनाम करणाऱ्यांकडे आपण पुरावा मागतो. मग त्याच्या नावाने चांगली गोष्ट सांगणाऱ्याकडे मागायला नको?

हे लिहायला मला जड गेलं, हे कबूल करतो. चाचा मला लहानपणापासून ओळखतात.

पण त्याच शोधात एक खणखणीत गोष्ट हाती लागली. टिपूच्या महसुली कायद्यांचं एक फारसी हुकूमनामा युद्धात इंग्रजांच्या हाती पडलं होतं. क्रिस्प नावाच्या अधिकाऱ्याने त्याचं इंग्रजी भाषांतर १७९२ मध्ये कलकत्त्याला छापलं. त्यात एक कलम आहे. रयतेपैकी कोणाकडून गुन्हा झाला आणि दंड बसवायचा असेल, तर पैशांऐवजी त्याच्याकडून दोन आंब्याची आणि दोन बदामाची झाडं लावून घ्यावीत, आणि ती ठरावीक उंचीची होईपर्यंत त्याने त्यांना पाणी घालावं. मी ते दोनदा वाचलं. निलगिरीची गोष्ट खरी असो की नसो, झाडाविषयी सुलतानाचं म्हणणं काय होतं ते इथे शत्रूच्याच छापखान्यातून आलं आहे. लावलंस ते जगव, आणि त्याचं फळ गावाला मिळू दे.

मैसूर गमची पुढची वाटचाल वादातीत आहे. स्वातंत्र्यानंतर कागद गिरण्यांना लगदा हवा होता, गावांना सरपण हवं होतं. पंचवार्षिक योजनांत हे झाड देशभर पसरलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली आणि १९८२ मध्ये महाराष्ट्रात त्यासाठी वेगळं खातं निघालं. रस्त्याच्या कडा, गायरानं, शाळा, स्मशानं, कब्रस्तानं, मोकळी जागा दिसली की रोपं. इतर झाडंही लावली गेली, पण निलगिरी गुरं खात नाहीत, राखण लागत नाही, पाच-सात वर्षांत बल्ली तयार. ज्याला कोणी राखणार नाही अशा जागेत तीच टिकली. आमच्या कब्रस्तानातली रांग तेव्हाची. अब्बांनी, तेव्हा ते शाळेत शिक्षक होते, पोरांना घेऊन खड्डे खणले. रोपं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आली होती. पहिला उन्हाळा आम्ही शाळेतून आल्यावर मशिदीच्या विहिरीवरून बादल्या वाहिल्या. त्यातली एक बादली माझी.

शेतकऱ्यांमध्येही तेव्हा निलगिरीची हवा होती. नाशिककडे निफाडचे विनायकराव पाटील यांनी स्वतःच्या शेतात ती लावली आणि वृक्ष उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली. झाड हेही पीक आहे, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून त्याचं कौतुक यायचं. आणि त्याच सुमारास, १९८३ मध्ये, कर्नाटकात तुमकूरकडे शेतकरी संघटनेचे लोक वनखात्याच्या रोपवाटिकेतली निलगिरीची रोपं उपटून तिथे चिंच आणि आंब्याचं बी टाकत होते. एकाच झाडाला एका राज्यात हार आणि शेजारच्या राज्यात विळा. पुढे २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदीच घातली.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी त्या लाटेत दोन एकरांत निलगिरी लावली होती. नाल्याकाठची जमीन, खोल काळी माती, सोयाबीन यायच्या आधीचा काळ. सहाव्या वर्षी बल्ल्या विकून त्यांनी मुलीचं लग्न केलं. दहाव्या वर्षी बांधावरची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. चुलते मरेपर्यंत म्हणायचे, झाडाने विहीर प्यायली. त्यांचा मुलगा म्हणतो, त्याच वर्षांत आजूबाजूला चार बोअर झाले, त्यांचं काय?

दोघंही थोडे थोडे बरोबर असावेत. इयन काल्डर नावाच्या इंग्रज जलतज्ज्ञाने कर्नाटकच्या वनखात्याबरोबर १९८७ नंतर काही वर्षं नेमकं हेच मोजलं. उथळ जमिनीत निलगिरी तिथल्या मूळ जंगलापेक्षा जास्त पाणी ओढत नाही, कारण मुळांना खाली जायला वावच नसतो. पण बंगळूरजवळ होसकोटेला, जिथे माती खोल होती, तिथे ही झाडं वर्षभर पडलेल्या पावसापेक्षाही जास्त पाणी वापरताना दिसली. मुळं खाली खाली जाऊन जुना साठा उपसत होती. म्हणजे माळावर ती निरुपद्रवी आणि मळ्यात विहीर पिणारी. आमच्या तालुक्याचा पाऊस डोंगराच्या एका अंगाने पैनगंगेकडे जातो आणि दुसऱ्या अंगाने काटेपूर्णेकडे. इथे पाणी थांबत नाही, वाहून जातं. जे खोल मातीत मुरतं तेवढंच आपलं. चुलत्यांनी नेमकी तीच जागा झाडांना दिली होती.

कब्रस्तान मात्र मुरमाड आहे. कबर खणणाऱ्यांना विचारा, तीन फुटांवर पहार वाजते. म्हणजे तिथल्या रांगेवर पाण्याचा गुन्हा लावता येत नाही. गवत उगवत नाही ही तक्रार खरी आहे. खाली पडलेला पाला कुजायला वेळ घेतो आणि इतर रोपांना वर येऊ देत नाही.

हे सगळं घेऊन मी पुन्हा ओट्यावर बसलो. टिपूचं सांगितलं तेव्हा चाचा नाराज झाले. "किताब में लिखा है और तू बोलता नहीं?" मी म्हटलं, लिहिलं आहे, पण ज्यांनी लिहिलं त्यांनी पाहिलेलं नाही. ते गप्प राहिले. आंबा-बदामाचं कलम सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी ते मोबाइलवर लिहून घेतलं. बहुतेक आता तेही फिरत असेल.

तरुणांपैकी एकाने हदीसचा मुद्दा काढला. मुसलमानाने झाड लावलं आणि त्याचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर लावणाऱ्याच्या नावे तो सदका लिहिला जातो. "निलगिरीचं कोण काय खातं?" त्याने विचारलं. बकरीसुद्धा तोंड लावत नाही. प्रश्न बिनतोड होता. मी अब्बांचा विचार करत होतो, त्यांनी एवढे खड्डे खणले, त्याचं काय? तेव्हा कोपऱ्यात बसलेले कबर खणणारे बाबा म्हणाले, "माश्या खातात." खरं आहे. निलगिरीच्या फुलोऱ्यावर मधमाश्यांची झुंबड असते. रांगेतल्या शेवटच्या झाडावर दरवर्षी आग्या मोहोळ बसतं, म्हणून तर त्या टोकाला कोणी जात नाही. सूरतुन-नहल सगळ्यांना ठाऊक होती, पुढे कोणाला काही म्हणायचं राहिलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. ज्या तीन झाडांच्या फांद्या कबरींवर येतात ती काढायची. बाकीची राहू द्यायची, ती वाळली की त्यांच्या जागी दुसरं लावायचं. कडुनिंबाची दहा रोपं आताच आतल्या बाजूला लावायची. आंब्याचा प्रस्ताव चाचांनी सुलतानाच्या नावाने मांडला, पण तो एका वाक्यात पडला. पोरं कैऱ्यांसाठी कबरींवर चढतील.

तीन झाडं पावसाळ्याआधी तोडली. सुतार लाकडाला चार हजार द्यायला तयार होता. कबर खणणारे बाबा नको म्हणाले. कबरीत मयत ठेवल्यावर वरून माती लोटायच्या आधी तख्ते लावावे लागतात, आणि ते आम्ही दरवेळी धावपळ करून लाकडाच्या वखारीतून आणतो, कधी रात्री, कधी पावसात. बाबांनी ओंडके चिरून घेतले. फळ्या आता जनाजा ठेवायच्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या आहेत. मी मोजल्या, बासष्ट निघाल्या. पावसाळ्यात दोन मयती झाल्या, तेव्हा त्यातल्याच वापरल्या.

खोलीचं दार उघडलं की अजून हलकासा वास येतो. बाटलीचा नाही, आईच्या वाफेच्या पातेल्याचा.